रविवारची दवंडी

सोमवार, १८ मार्च १९५७

आज पुन्हा माठातल्या पाण्यावर राख. झाकण घट्ट बसवलं होतं, तरी कुठून शिरते देव जाणे. अंगणात वाळत घातलेल्या कमळाच्या पांढऱ्या पोलक्यावरही काळे ठिपके. हाताने झटकले तर आणखी पसरले. मोहाचा हंगाम लागला की चिचटोल्यात हे असंच. मोहाची फुलं पहाटे गळतात आणि पाचोळ्यात हरवतात, म्हणून ज्याचं झाड तो आधी झाडाखालचा पाला पेटवून जमीन साफ करून घेतो. मग काळ्या जमिनीवरची पिवळी फुलं वेचायला सोपी जातात. जंगल खात्याची याला सक्त मनाई आहे. त्यामुळे इथे आग कोणीच लावत नाही, ती आपली लागते.

शाळेत आज जेमतेम चार मुली, त्यातली एक झोपलेली. बाकीच्या टोपल्या घेऊन रानात. मला राग येतो, पण कोणावर काढू?

जेवताना कमळा म्हणाली, "ताई, वरची बोडी पाहायची आहे एकदा. पुढे कुठे जमणार?" बोडी म्हणजे इकडे लहान तळं. गावामागच्या डोंगरावर, अगदी माथ्याच्या खोलगटीत एक आहे, कोण्या गोंडराजाच्या काळात बांध घातलेली. इथे आल्यापासून नुसतं ऐकतो आहोत. मी म्हटलं, पाहू. माझं "पाहू" म्हणजे "हो" हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे. आई गेली तेव्हा ती शाळेतही जात नव्हती आणि मी नुकतीच कपाळ पुसून माहेरी परतले होते. दोघींनाही कोणीतरी हवंच होतं.

गुरुवार, २१ मार्च

आज मुखरूभाऊंना वाट विचारली. शेजारीच राहतात. ढीवर आहेत. गावतळ्यात आणि त्या वरच्या बोडीत मासे धरतात, उन्हाळ्यात मोह वेचतात. त्यांची बायको सुगंधाबाई माझ्याकडे पाणी भरते आणि भांडी घासते.

मुखरूभाऊ अंगणात काडीने वाट काढून दाखवत होते. "हे आपली पायवाट. इथपर्यंत मोहाची झाडं. मंग गवताचा चढ लागते, लय मोठा. त्याच्यावर खडक, खडकाच्या पल्याड बोडी. सकाळी निंघालं का ऊन चढाच्या आंधी पोचते मानूस."

मी विचारलं, गवत पायाला लागेल का? ते हसले. "पायाले? डोक्याले लागन, बाई. औंदा वाघानं दोन म्हशी मारल्या, तवापासून कोनी ढोरं वर नाई नेत. गवत जसंच्या तसं उभं हाये."

म्हणजे डोक्याएवढ्या सोनेरी गवतातून चालायचं. कमळाला सांगितलं तर तिचे डोळे चमकले. वाघाचं नाव काढल्यावर मात्र मीच म्हटलं की मुखरूभाऊ, तुम्ही सोबत या. ते म्हणाले, "येतो ना. आपलं जाळंही टाकतो तिकडं." त्यांना कुऱ्हाड घ्यायला सांगितली आहे. दिवस सात एप्रिलचा, रविवार. तोवर परीक्षा आटपतील.

रविवार, २४ मार्च

कमळाला बोडी का पाहायची आहे ते मला पक्कं माहीत आहे. तिला पोहायचं आहे.

माहेरी, आर्वीला असताना ती नदीत माशासारखी पोहायची. इथे आल्यावर सुगंधाबाई आणि ढिवरांच्या बाया हिला गावतळ्यावर घेऊन जायच्या, भरदुपारी, कोणी नसताना. मीही कानाडोळा केला. गेल्या वर्षी रामाजीमामांनी मूल गावचं स्थळ आणलं. पाहुणे आले, पोहे खाल्ले, पोरगी पसंत म्हणाले आणि आठवड्याने निरोप आला: तळ्यात पोहणारी मुलगी आमच्या घरात चालायची नाही. झालं. कोणी सांगितलं त्यांना? चहाच्या टपरीवर थांबले होते, तिथेच कोणीतरी आग लावली असणार. गाव म्हणजे चहाड्यांचं कोठार. रामाजीमामा तर बिचारे कपाळाला हात लावून बसले. त्यांना दुसऱ्याचं मन राखण्यासाठी किती बोलावं लागतं! मोटारीत बसले की उतरेपर्यंत सगळ्या गाडीला आमच्या घराण्याची माहिती झालेली असते, इतकी त्यांना आमची आपुलकी.

माझा संशय सुगंधाबाईवर आहे. पोहताना तिने पाहिलेलं, तिच्या जिभेला हाड नाही. मी तेव्हा तोंडावर विचारलं होतं. ती म्हणाली, "आमी काऊन सांगू वो बाई?" आणि घासलेलं भांडं पुन्हा घासत बसली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

त्या दिवसापासून कमळाचं तळं बंद. तिने एकदाही तक्रार केली नाही. तेच मला जास्त लागतं. वरच्या बोडीवर कोण आहे पाहायला? मुखरूभाऊंना पलीकडच्या काठाला धाडायचं आणि हिला तासभर पाण्यात सोडायची. एकदाच, मनसोक्त. मग लग्न आहे, सासर आहे, घागरीतलंच पाणी आहे.

बुधवार, २७ मार्च

दिवेलागणीला डोंगरावर आगीची माळ दिसली. कमळा म्हणाली, किती सुंदर! खरंच सुंदर दिसते. एक ओळ हळूहळू वर सरकते, मध्येच फुटते, एखादं वाळलेलं झाड उभं पेटतं. मग वाऱ्याची झुळूक आली आणि ती ओळ पाहता पाहता कितीतरी वर धावली. एवढ्या लांबून आवाज येत नाही, पण आला असं वाटलं.

त्याआधी आज सकाळीच सुगंधाबाईला म्हटलं होतं, तुमच्या या आगींनी एखाद दिवशी गाव जळेल. ती म्हणाली, "गाव नाई जळत, बाई. आग खाली नाई उतरत, वर चढते. वर कोनी नसते ना." मग म्हणाली, "तुमी वर जाऊन राह्यल्या त्या दिवशी कोनी नाई लावनार. लटारू कोतवालाले सांगून दवंडी देऊ. आमच्यात असंच असते. वर मानूस असन त्या दिवशी आग नाई."

ही रीत मला माहीत नव्हती. चांगली आहे.

ओट्याखाली आज एक ससा मेलेला सापडला. अंगावर जखम नाही, पाय मात्र भाजलेले. कमळाने पुरला.

मंगळवार, २ एप्रिल

काल पाडवा. गुढी उभारली. आज संध्याकाळी लटारू कोतवालाने दवंडी दिली. जंगलात आग लावणं गुन्हा, तेव्हा "आग लावू नका" असं तरी सरकारी कोतवाल कसं म्हणणार? मग त्याने डफड्यावर काठी मारून म्हटलं, "ऐका होऽऽ! येत्या रविवारी शाळेच्या बाई वरच्या बोडीवर जाऊन राह्यल्या होऽऽ! ज्यानं त्यानं समजून राहावं होऽऽ!" मी आत हसून हसून बेजार. कमळा म्हणाली, "ताई, तू बोडीवर चालली आहेस की लढाईवर?"

रस्त्यात जो भेटतो तो म्हणतो, "रविवारी ना बाई? फिकर नोका करू." अगदी म्हातारा बुधूसुद्धा, ज्याला धड दिसत नाही. बरं वाटलं. पण जरा संकोचही वाटला. आपण काय करतो, कुठे जातो, सगळं सगळ्यांना माहीत.

भाकऱ्या, ठेचा, भाजलेले शेंगदाणे, पाण्याला सुरई. कमळाने जुनं नऊवार काढून ठेवलं आहे, काष्टा घालायला. मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

गुरुवार, ४ एप्रिल

परीक्षा संपल्या. आणि संध्याकाळच्या मोटारीने रामाजीमामा हजर. घाम पुसायच्या आत म्हणाले, "मनकर्णे, बल्लारशाचं स्थळ! पोरगा रेल्वेत, एकुलता एक, सासू नाही. रविवारी पाहायला येऊन राह्यले. त्याले रविवारचीच सुट्टी असते."

मला आनंदाने काही सुचेना. कमळा पाणी घेऊन आली ती तशीच उभी राहिली. मामा गेल्यावर भांडी विसळताना तिने एवढंच विचारलं, "मग रविवारचं?" मी म्हटलं, वेडी आहेस का, बोडी काय पळून चालली? पण ती पळूनच चालली आहे, हे मलाही कळतं. रविवारी पसंती झाली की ती त्यांची. वैशाखात लग्न. ठरलेली मुलगी डोंगर चढते, तळ्यात उतरते? मग कधीच नाही.

ती झोपल्यावर तिच्या पाठीकडे पाहत राहिले. एवढी मोठी झाली, आजवर काय मागितलं आहे तिने माझ्याकडे?

शुक्रवार, ५ एप्रिल

ठरवलं. उद्या जायचं, शनिवारी. दोघीच. कोणाला सांगायचं नाही.

मुखरूभाऊंना सांगावं असं एकदा मनात आलं होतं. पण त्यांना सांगितलं की सुगंधाबाईला कळलं, सुगंधाबाईला कळलं की विहिरीवर कळलं आणि रविवारी पाहुणे मोटारीतून उतरले की टपरीवर त्यांच्या स्वागताला तयार: काल पोरगी डोंगरावर पोहायला गेली होती! एकदा पोळले आहे, आता ताकही फुंकून पिणार. वाट मुखरूभाऊंनी दाखवलेलीच आहे. वाघ म्हणे परवा नदीपलीकडे होता. पहाटे अंधारात निघायचं आणि संध्याकाळी अंधारात परतायचं. दाराला कुलूप असलं तरी बाई पेपर तपासायला शाळेत बसल्या असतील म्हणतील.

दवंडीचं काय, हाही विचार केला. लटारूला दिवस बदल म्हटलं तर तो का म्हणून विचारणार. राहू दे रविवारचं. आगीचं म्हणाल तर मोहाची झाडं खाली पायथ्याला आहेत. ते लोक ऊन चढल्यावर पाला पेटवतात, तोवर आम्ही वर पोचलेल्या असू. उतरू तेव्हा सगळं विझलेलं. रोज पाहते आहे.

सुगंधाबाई भांडी घासायला आली तेव्हा तिला म्हटलं, उद्या येऊ नकोस, मला पेपर तपासायचे आहेत, घरात आवाज नको. तिला बरंच वाटलं. "बरं झालं जी. उद्या आमालेही लय काम. रविवारी तुमच्यासाठी हात नाई लावाचा ना, मंग समदं गाव उद्याच पाला जाळून घेऊन राह्यलं. सोमवारपर्यंतचं उद्याच आटपाचं. कोनी झाड नाई सोडनार उद्या." गप्पा मारायला बसलीच असती, मी काम सांगून उठवलं. मनात आलं, एका दिवसाच्या सुट्टीचं काम हे लोक आदल्या दिवशी किती निष्ठेने करतात! माझ्या मुलींनी अभ्यासाचं असं केलं तर!

जाता जाता तिने कमळाच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "रविवारी पाहुने येतेत म्हने. लाल लुगडं नेस वो पोरी." म्हणजे तेही कळलंच आहे. मामा काल मोटारीत बोलले नसते तरच नवल, पण ऐकून विहिरीवर आणलं असेल हिनेच.

कमळा दाराआड उभी राहून सगळं ऐकत होती. मला म्हणाली, "ताई, तिला सांगू या ना. ती नाही कोणाला सांगणार." मी म्हटलं, तू जगाला ओळखत नाहीस.

शनिवार, ६ एप्रिल, पहाटे

निघतो आहोत. कमळाने माझ्या आधी उठून भाकऱ्या बांधल्या. वारा पडलेला आहे, हवा कोंदट. कुत्रं भुंकलं नाही, बरं झालं. आज खूप दिवसांनी मला छातीत हलकं वाटतं आहे.

सोमवार, ८ एप्रिल

उजव्या हाताला पट्टी आहे, अक्षर वेडंवाकडं येतं आहे. पण लिहिलं नाही तर मला वेड लागेल.

आम्ही वेळेत पोचलो. गवत खरंच डोक्याएवढं होतं, वाळून खडखडीत. त्यातून जाताना एकमेकींना हाका मारत गेलो. बोडी मी मनात आणली होती त्याहून लहान निघाली. हिरवं, स्थिर पाणी, एका कडेला पोयणीची तरंगती पानं, तिन्ही बाजूंनी गवत आणि चौथ्या बाजूला खडक. कमळाने काष्टा घातला आणि पाण्यात शिरली. किती वेळ तरी ती वर आलीच नाही. मग मधोमध डोकं वर काढून हसली. मी काठावर पाय सोडून बसले होते. तिला असं हसताना मी आर्वी सोडल्यापासून पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता काहीही होवो, हे मी तिला दिलं.

भाकरी खाताना वास आला. वासाचं काय, तो रोजचाच. मग बांधावर उभी राहून खाली पाहिलं. धूर एकाच जागी नव्हता. पायथ्याशी या टोकापासून त्या टोकापर्यंत, जिथे जिथे मोह आहे तिथे तिथे धूर होता. आणि वारा सुटला होता.

त्या क्षणी मला सुगंधाबाईचं आदल्या दिवशीचं बोलणं आठवलं. एकेक शब्द.

मी म्हटलं, चल, पळत खाली उतरू. कमळाने माझा दंड धरला. "ताई, वेडी आहेस? गवतातून? पाण्यात चल." मला पोहता येत नाही. तिने मला ओढतच आत नेलं, गळ्याएवढ्या पाण्यात, आणि ओलं लुगडं दोघींच्या डोक्यावर घेतलं. आमच्या शेजारून एक भेकर पाण्यात आलं, त्याने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग तो आवाज आला. गाडी पुलावरून जाते तसा. गवत पेटत वर आलं आणि बोडीच्या तिन्ही बाजूंनी भिंत उभी राहिली. श्वास घेता येईना. पाण्याबाहेर राहिलेला माझा हात भाजला तेही मला नंतर कळलं.

आवाज चढत असतानाच मी खालून हाक ऐकली होती. "कमळेऽऽ! बाईऽऽ! पान्यात जाऽऽ!" कमळा म्हणाली, "ही सुगंधाबाई! ताई, ती गवतात आहे!" आणि माझे हात सोडवायला लागली. मी सोडले नाहीत. मी बुडाले असते. पण ते मनात आणून मी धरून ठेवलं असं म्हणवत नाही. मी नुसतं धरून ठेवलं. ती ओरडत होती, मला नखं मारत होती. पुन्हा एकदा हाक आली, अर्धीच. मग नाही आली.

उतरलो तेव्हा जमीन अजून गरम होती. गवताच्या चढावर काही उरलं नव्हतं, दूरवरचं दिसत होतं. खालून माणसं चढत होती. मुखरूभाऊ सगळ्यांच्या पुढे. आम्हाला पाहून ते थांबले आणि त्यांच्या तोंडावर आनंद उमटला, खरोखरचा आनंद. "वाचल्या! बाई वाचल्या!" ते मागे वळून ओरडले. मग त्यांनी आमच्या मागे पाहिलं आणि विचारलं, "आन सुगंधा? तुमच्यासंगं नाई?"

लटारूने सांगितलं ते असं. ती कमळासाठी लाल बांगड्या घेऊन आली होती, रविवारी घालायला. दाराला कुलूप. म्हणून शाळेत गेली, तिथेही कुलूप. मग आदल्या दिवशी अंगणात दोरीवर वाळत असलेलं, कमळा पोहताना नेसायची ते नऊवार तिला दिसलं नाही. विहिरीवर तिने घागर टाकली आणि म्हणाली, "बाई वर गेल्या! आन समदं गाव आज आग लावून राह्यलं!" ती धावली. लोकांनी तिला हाका मारल्या. तोवर झाडं पेटलेली होती.

ती आम्हाला वाटेपासून लांब, चढाच्या वरच्या टोकाला सापडली. खडक तिथून जवळ होता.

मंगळवार, ९ एप्रिल

रविवारचं लिहायचं राहिलं.

सकाळी तिची माती झाली. मी जाऊन दूर उभी राहिले. कोणी मला जवळ बोलावलं नाही, कोणी जा म्हटलं नाही. डोंगरावर कुठेही धूर नव्हता. सगळ्या गावाने माझा रविवार पाळला.

पाहुण्यांना परत पाठवायचं मी ठरवलं होतं. मोटारीच्या वेळेला टपरीवर निघाले तर दारात सुकरी. मुखरूभाऊंची सून. केस मोकळे, डोळे सुजलेले, हातात लाल बांगड्या. म्हणाली, "मामाजीनं, माह्या सासऱ्यानं सांगतलं, पाहुने वापस नोका पाठवू. पोरीचं काम होऊ द्या. माही सासू दोन दिवस तेच बोलून राह्यली होती." ती आत गेली. कमळा भिंतीकडे तोंड करून पडली होती, आदल्या दिवसापासून माझ्याशी एक शब्द बोललेली नव्हती. सुकरीने तिला उठवलं, तिच्या केसांची जळलेली टोकं कात्रीने कापली, लाल लुगडं नेसवलं, बांगड्या भरल्या. दोघी रडत होत्या आणि सुकरी मधूनच म्हणत होती, "उगी. डोळे लाल दिसतेत."

पाहुण्यांनी टपरीवर चौकशी केलीच. मामाच सांगत होते नंतर. लटारू म्हणाला, पोरगी सोन्यासारखी हाये. बुधू म्हणाला, असं माणूस गावात नाई. डोंगर काऊन काळा दिसते, तर म्हणे दरसाल आग लागते. गावात रडणं कसलं, तर म्हणे आमच्यातली एक बाई मेली. आणखी कोणी काही बोललं नाही. जंगल खात्याच्या गार्डालाही कोणी काही बोललं नाही, मी वर होते हेसुद्धा नाही.

मुलगी पसंत आहे.

बुधवार, १० एप्रिल

मुखरूभाऊ आले. ओट्याच्या पायरीवर बसले. मी आत या म्हटलं, ते नाही म्हणाले. मग डोंगराकडे पाहत म्हणाले, "माह्याच झाडाखालची आग असन. नाई तर लटारूच्या. समद्यांनीच लावली होती, आता कोनाची म्हनाव?"

मी त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला.

"बाई, एक इचारू? राग नोका येऊ देऊ." माझ्याकडे पाहिलं. "आमाले काऊन नाई सांगतलं? शनवारी जातो म्हनलं असतं तर शनवारी नसती लावली. रविवारी लावली असती. आमाले काय, दोन्ही सारखेच."

काही खोटं सुचलं असतं तर सांगितलं असतं. सुचलं नाही. मी म्हटलं, "मुखरूभाऊ, मला भीती वाटली. तुमच्यापैकी कोणीतरी पाहुण्यांना सांगेल."

"काय सांगन?"

"कमळा बोडीत पोहली म्हणून."

ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. अजून काही सांगायचं राहिलं आहे, खरं कारण यापुढे येणार आहे, अशी वाट पाहत होते. मग त्यांनी हळूच विचारलं, "एवढंच?"

मी मान हलवली.

"आमच्या तं समद्याच पोरी पवतेत, बाई," ते म्हणाले. "त्याच्यात सांगासारखं काय हाये?"